पॉइंट बेचाळीस

तीन दिवस उभी राहिली की गाडी मरते.
चावी फिरवली की नुसतं टक्, टक्,
धोटा अडकलेल्या मागासारखं.

गौसमिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली बे, नवी घाल.
साडेचार हजार.
साडेचार हजारांच्या किती कडक भाकऱ्या होतात
हा हिशेब पद्मजा मनातच करते, बोलत नाही.
पण बॅटरी मागच्या पाडव्याची.
गेलेली नाही.
रात्रीचं कुणीतरी तिला पितंय.

अशोक चौकामागची गल्ली, दुपारचे दोन.
बॉनेटला हात लावला तर फोड येईल.
दहा नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह सोडवलं
आणि वायर नि खुंटी यांच्या मधोमध मीटर बसवला,
म्हणजे जे जाईल ते आमच्या देखत जाईल.
(चावीला हात लावू नको, स्रवंती.
मागच्या वेळी मीटरचाच फ्यूज उडाला होता,
आणि मी अर्धा तास मेलेल्या मीटरवर विश्वास ठेवून बसलो होतो.)
दाराचं बटण चुकून सुटू नये म्हणून
भाकरीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून कोंबला.
मग वीस मिनिटं नुसतं बसायचं.
गाडीला झोप लागू द्यावी लागते.

शेजारचे नरसय्या कट्ट्यावरून विचारतात, एमैंदी?
काही नाही मामा, चोर धरतोय.

"पॉइंट बेचाळीस," स्रवंती वाचते.
"बाहेर पण बेचाळीस, नाना."

एकवीस वर्षं जॉबर होतो.
ताण्यात धागा तुटला की डोळा उशिरा पोचतो,
बोटं आधी.
वईतून फणीकडे, फणीतून मागे,
जिथे हाताला ढिलं लागेल तिथे थांबायचं.
आता माग भंगारात गेले, बोटं राहिली.
स्टेअरिंगखाली पाठीवर आडवा पडून
एकेक फ्यूज उपटतो, विचारतो,
हॉर्न?
तेवढंच.
वायपर?
तेवढंच.
हेडलाइट, पंखा, तेवढंच, तेवढंच.
घाम कानात जातो.
रेडिओ?

"नाना, शून्य! नाही, पॉइंट झिरो टू."

रेडिओ तर आमच्या गाडीत नाहीच.
त्याच्या जागी नुसती पोकळी, पद्मजा तिथे पावत्या ठेवते.
पोकळीत हात घातला.
कंपनीच्या वायरी काळ्या, नीटनेटक्या,
आणि त्यांच्यात एक पिवळी, घरातल्या बोर्डाची,
जोडावर टेप नाही, डॉक्टरी चिकटपट्टी.
ओढत गेलो. ती वर गेली, डॅशबोर्डच्या पोटात,
आणि बोटाला चटका बसला.

छोटा पाच वॅटचा बल्ब, लाल टोपीतला.
पेटलेला!
फ्यूज परत लावल्या लावल्या पेटला म्हणा,
पण दोन वर्षं पेटलेलाच होता.
भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, मऊ.

बरोबर त्याच्यावर, डॅशबोर्डच्या काचेकडच्या अंगाला,
टेपचे चार डाग आहेत. चौकोनी.
गाडी घेतली तेव्हाच तिथला फोटो काढलेला होता.
मंद्रूपचा माणूस. पैसे मोजून घेतले, चहा नको म्हणाला.
देव काढून नेला त्यानं,
दिवा भोकातून आत ढकलला.
चावी बंद केली तरी विझू नये अशी जोडणी मुद्दाम केलेली.

"कुठला देव होता?"
काय की. विचारलंच नाही.

दोन्ही टोकं वेगवेगळी बांधली, टेप लावली.
चिकटपट्टीचा जोड तसाच ठेवला, चांगला होता.
बल्ब गार झाल्यावर स्रवंतीनं
माझ्या कांड्यांच्या डब्यात टाकला.
उरलेलं पॉइंट झिरो टू घड्याळाचं.
तेवढं जाऊ दे, म्हटलं.

चार्जर लावून रात्र काढली. सकाळी पहिल्या फिरवणीत चालू.
पद्मजा फक्त म्हणाली, आधीच करायचं होतं की.
वायर सोडल्यामुळे घड्याळ मात्र पहिल्यापासून सुरू झालं,
आणि ते लावायचं राहिलंच.
होटगी रोडला भाकरी पोचवतो तेव्हा
दुनियेत साडेनऊ,
गाडीत अजून पहाटेचे चार.